दगडाखालचं लोखंड

भाडेकरू ठेवताना घरमालक नोकरी विचारतात, मटण-मासे चालतात का विचारतात, पाहुणेरावळे किती येतात ते विचारतात. आमच्या घरमालकांनी मला स्वयंपाकघरातला नळ उघडून बंद करायला सांगितला. मी केला. त्यांनी तोटीखाली तळहात धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. हात कोरडा राहिला. मग बायकोलाही त्यांनी तेच करायला लावलं. तिचाही नळ टिपकला नाही, तेव्हा किल्ली आमच्या हातात आली. जिना उतरताना बायको हळूच म्हणाली, माणूस विक्षिप्त दिसतोय, पण घर हवेशीर आहे.

पनवेलजवळच्या विचुंब्याला तेव्हा नव्या इमारती भराभर वर येत होत्या. त्यांच्या मधोमध घरमालक काकांचं बसकं दुमजली घर होतं. खाली ते एकटे, वर आम्ही. त्यांची बायको आम्ही यायच्या आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. एका कारखान्यात पंप चालवण्यात सगळी उमर घालवून ते निवृत्त झाले होते. उंच, काटक, सावळे. पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेन किंवा चष्मा नसायचा, नळाचे रबरी वॉशर असायचे. कोणाच्या घरी चहाला गेले की उठताना दोन वॉशर टेबलावर ठेवून येत. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी लाल कागदात गुंडाळून पितळी नळ आणला. बायकोला वाटलं चांदीची वाटी आहे.

रोज संध्याकाळी ते घराभोवती फेरी मारत. टाकीचा व्हॉल्व्ह, मोटरचं बटण, गॅसची चावी, फाटकाची कडी. आमच्या जिन्याखाली उभं राहून एकच शब्द विचारत, "लावलं?" वरून "लावलं" असं उत्तर आल्याशिवाय हलत नसत. गल्लीतल्या मुलांनी त्यांचं नाव व्हॉल्व्ह ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "बरं हाय नाव," म्हणायचे. "व्हॉल्व्हनं काम नाय केलं तर गाव बुडतं."

दुसरी खोड तिथी विचारण्याची. सकाळी पेपर घ्यायला आले की बातम्या नकोत, आज तिथी कोणती ते सांगा. तिथी कळली की ते मान वर करून थोडा विचार करत आणि सांगत, आता भरती लागली असेल, किंवा आता ओहोटी सुरू. विचुंब्यात बसून भरती-ओहोटीचं काय करायचं होतं कोणाला? एकदा आम्ही त्यांना आमच्याबरोबर खाडी बुजवून उठलेल्या नव्या मॉलमध्ये नेलं. सरकत्या जिन्याजवळ ते थांबले, तिथी मनात धरून म्हणाले, "इथं आता माज्या कमरंएवढं पानी आसतं." शेजारून चाललेल्या बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं.

या सगळ्यामागचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. मुलगी तापाने फणफणलेली होती, नुकती कुठे झोपली होती, आणि खालून "लावलं?" आलं. मी चिडून खाली गेलो आणि त्यांना म्हणालो की काका, तुमच्या नळापायी माणसांनी राहायचं की नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर आले, मुलीचा ताप विचारला आणि बाहेर गच्चीत बसून त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

त्यांचं मूळ गाव विचुंबं नव्हे. ते खाडीच्या काठचं, भातशेतीचं गाव. शेतं समुद्रसपाटीलाच, म्हणून खाडीच्या अंगाला मातीचा लांबच लांब बांध. बांधाला एक दार असायचं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडीची लाकडी झडप वर उचलायची, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती यायच्या आत झडप खाली सोडायची आणि पाण्याच्या रेट्याने ती उचकटू नये म्हणून तिला अडसर घालायचा. हे काम गावाने काकांच्या वडिलांना दिलं होतं. त्याबद्दल प्रत्येक घरातून त्यांना भात मिळायचं, आणि मानही मिळायचा.

सर्वपित्री अमावास्येची दुपार होती. भात निसवलेलं, लोंब्या नुकत्या भरू लागलेल्या. घरोघरी पितरांची पानं वाढलेली. त्या दुपारी उघाडी फुटली आणि भरतीचं खारं पाणी सगळ्या शेतांतून पसरलं. भात जळालंच, पण जमिनीत मीठ मुरलं आणि पुढची कित्येक वर्षं गावाच्या तोंडात घास गेला नाही. लोक मुंबईला गेले, मिठागरांवर गेले. वडील सांगत राहिले की मी झडप सोडली होती, अडसर घातला होता, कोणीतरी तो काढून नेला. अडसर शोधला, तो मिळाला नाही. गावाने या घराशी बोलणं सोडलं, आणि वडील बायकोला आणि तान्ह्या काकांना घेऊन विचुंब्याला तिच्या भावाच्या आश्रयाला आले.

"मरताना पन बापाच्या तोंडात तेच व्हतं," काका म्हणाले. "मी अडसर घातला व्हता. मानूस मरताना कशाला खोटं बोलंल?"

मग अडसर कोणी काढला, असं मी विचारलं. तेव्हा काकांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला. त्यांना एक बहीण होती. त्यांच्याहून चांगली पंधरा-एक वर्षांनी मोठी, उरणच्या बाजूला दिलेली. तिच्या नवऱ्याकडे उघाडीवर जाळं लावायचा हक्क होता. भरतीबरोबर मासळी आत येते, म्हणून उघाडी जितकी उशिरा लागेल तितका जाळंवाल्याचा फायदा. सासऱ्या-जावयाचं त्यावरून आठवडाभर आधी भांडण झालं होतं. वडिलांनी गावासमोर जावयाचं नाव घेतलं. तेव्हापासून त्या घराशी संबंध तुटला. बहिणीला माहेर बंद झालं. काका मोठे झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, तरी त्यांनी बहिणीचं तोंड पाहिलं नाही. मेहुणा गेल्याचा निरोप आला तेव्हा मयताला न जाता कारखान्यात दुसरी पाळी करून आले, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

त्या दिवसापासून मी जिन्याखालच्या प्रश्नाला न चुकता उत्तर देऊ लागलो.

गावची जमीन पुढे सरकारने शहर वसवायला घेतली होती. पुष्कळ वर्षं ती तशीच पडून होती, मग तिथे बुरूज उभे राहावेत तशा इमारती उठू लागल्या. काकांना कळलं की आपल्या शेताच्या जागी आता खोदकाम लागलंय. तेव्हापासून ते आठवड्यातून एकदा बसने तिकडे जाऊ लागले. पत्र्याच्या कुंपणाशी उभं राहून पोकलेन माती उपसताना बघायचं, एवढंच. सुपरवायझरने आधी हाकललं, मग खुर्ची दिली. एका दिवशी ते सिमेंटच्या गोणीत काहीतरी जड घेऊन आले. घामाने निथळत होते, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"आमच्या शेतातनं निगालं," म्हणाले. "खळ्याच्या कडंला. वर एक सपाट दगड व्हता, त्याच्याखाली. म्हंजे आमच्याच घरचं काय तरी हाय."

लोखंडाचा दांडा होता तो. माझ्या हाताएवढा लांब, पण उचलायला दोन्ही हात लागावेत असा. एक टोक चपटं, त्याला अंगठा जाईल एवढं भोक. दुसरं टोक आकड्यासारखं वळवलेलं. मध्ये एक जाड कडं, दांड्याबरोबरच ठोकून घडवलेलं. गंजाचे पापुद्रे सुटत होते. काकांनी तो अंगणात मांडून ठेवला आणि आम्हा दोघांना विचारलं की सांगा, हे काय असेल. बायको म्हणाली नांगराचं काहीतरी. काका म्हणाले नांगर मला कळतो, हा नांगर नाही.

पुढचे महिने त्या वस्तूच्या मागे गेले. काकांना घरातून आलेली एकही वस्तू कधी मिळाली नव्हती. भांडी, पाटा, देव, सगळं त्या गावात राहिलं होतं. आता हे एक लोखंड हातात आलं होतं आणि त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांना सहन होईना. रविवारी ते मला गाडी काढायला लावत. पनवेलच्या बाजारातला हार्डवेअरवाला म्हणाला तुटकी पहार आहे. गॅरेजवाल्याने ट्रकच्या खालचा भाग सांगितला आणि ट्रक कुठल्या कंपनीचा तेही सांगितलं. इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी चहा पाजला, भिंग लावून पाहिलं आणि तोफेच्या गाड्याची कडी असावी म्हणाले. कर्नाळ्याच्या किल्ल्यावरून खाली आली असेल, असंही म्हणाले. त्या रात्री काका खूश होते. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्या बापाकडं तोफ कुठनं येनार?" बंदराजवळच्या जुन्या मिस्त्रीचाचांनी तो दांडा मांडीवर घेतला, बराच वेळ फिरवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "माशाल्ला, काम उमदा आहे. पण कशाचं आहे ते अल्लालाच ठाऊक."

मी तेव्हा द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात कामाला होतो. तिथल्या सहकाऱ्यांना फोटो दाखवला. प्रत्येकाने वेगळं नाव सांगितलं. काका प्रत्येक नाव मान हलवून ऐकत, आणि वस्तूकडे बघून पुन्हा म्हणत, नाही.

मग एका संध्याकाळी ते अंगणात बसून पापुद्रे खरवडत होते. मी गोदामातून आलो तसं त्यांनी मला हाक मारली आणि एक पापुद्रा तळहातावर ठेवून दाखवला. कारखान्यात समुद्राचं पाणी ओढणारा एक पंप होता म्हणे. त्याचे पाइप असेच थराथराने सुटायचे.

"गोड्या पान्यातलं लोखंड असं सडत नाय," ते म्हणाले. "हे खाडीतलं हाय. खूप वर्सं खाडीच्या पान्यात व्हतं, नंतर मातीत गेलंय."

मी म्हणालो की मग होडीचं असेल. पापुद्रा त्यांनी खाली टाकला आणि हात धोतराला पुसत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी ती वस्तू कोणालाही दाखवली नाही. रविवारी गाडी काढायला सांगितलं नाही. सुपरवायझरकडे जाणंही बंद झालं. मला वाटलं उत्साह संपला.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी मी निघायच्या वेळी काका इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. पायाशी ती गोणी. "तुमी रोज द्रोणागिरीला जाता," म्हणाले. "आज मला पन न्या. वाटेत एक गाव हाय."

कुठलं गाव ते विचारायची गरज नव्हती. उलव्याच्या पुढे खाडी दिसू लागल्यावर ते म्हणाले, "अडसर म्हंजे लाकडाचा, असंच माज्या डोक्यात व्हतं. दाराला आसतो तसा. बापानं कधी सांगितलं नाय का तो लोखंडाचा व्हता."

बहिणीचं घर गावठाणातलं, मागे गोदामांच्या निळ्या भिंती. अंगणात जवळा वाळत घातलेला होता आणि एक म्हातारी काठीने कावळे हाकत बसली होती. आतून सून आली. आम्हाला पाहून म्हणाली की प्लॉटच्या कागदांचं काही असेल तर संध्याकाळी या, हे तेव्हा घरी असतात. काका म्हणाले, आईंना भेटायचंय. सून पाणी ठेवून आत गेली.

काकांनी आपण कोण ते सांगितलं नाही. गोणी सोडून तो दांडा म्हातारीच्या पुढ्यात ठेवला. तिने काठी बाजूला ठेवली, वाकून भोकात बोट घातलं, कड्यावरून हात फिरवला.

"उघाडीचा अडसर हाय," ती म्हणाली. मग मान वर करून काकांकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "तू आईवर गेलास."

काका तिथेच जमिनीवर बसले.

"आपल्या खळ्याच्या कडंला गावला," त्यांनी सांगितलं. "दगडाखाली."

"दगड आईनं ठेवला व्हता," म्हातारी म्हणाली.

नंतर तिने जे सांगितलं ते हळू आवाजात, दाराकडे लक्ष ठेवून, सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं. त्या सकाळी वडिलांनी झडप सोडली होती हे खरं होतं. पण अडसर घातला नव्हता. स्वतःच्या शेतातला एक बांध फोडायला पहार हवी होती, म्हणून तो अडसरच खांद्यावर टाकून आणला होता. काम उरकून लगेच परत जायचं होतं. बांध फोडला, पितरांचं जेवण झालं आणि खळ्यावर सावलीत पाठ टेकली. जाग आली तेव्हा पाणी खळ्याला लागलं होतं. लोक आरडाओरडा करत बांधाकडे धावत असताना त्यांनी तिथल्या तिथे खड्डा काढला. आईने पाहिलं. नवरा हाताने माती ओढत होता, तिने जवळचा दगड उचलून वर ठेवला.

"तुला कोनी सांगितलं?" काकांनी विचारलं.

आईनेच सांगितलं होतं. वडिलांपासून लपून ती कधीमधी पनवेलच्या बाजारात लेकीला भेटायची. तिथे मासळीच्या टोपल्यांमागे बसून एकदा सांगितलं आणि शपथ घातली.

जावयाचं काय झालं होतं, तेही मला त्या अंगणात कळलं. गावाने त्याला धरून मारलं होतं. त्यानंतर त्याचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही. जाळं फेकता येईना, उघाडीचा हक्क गेला, उरलेला जन्म त्याने मिठागरावर एका हाताने टोपली सावरत काढला. शेवटपर्यंत तो बायकोला म्हणायचा, तुझ्या बापाचा अडसर मी पाहिलासुद्धा नव्हता त्या दिवशी. आणि ती म्हणायची, मला ठाऊक आहे. एवढंच म्हणायची.

काकांनी विचारलं, त्यांना तरी का नाही सांगितलंस.

म्हातारीने जवळ्यावरची माशी उडवली. "आधी सांगितलं नाय, गाव बापाला जित्ता सोडनार नाय म्हनून. तू तान्हा व्हतास. मग बाप गेला. तवा सांगितलं आसतं तर यांनी इचारलं आसतं, इतकी वर्सं का गप ऱ्हायलीस. त्याला काय सांगनार व्हते मी? जितकी वर्सं गेली तितकं तोंड उघडायला कठीन झालं. मग ते बी गेले."

"मी मयताला पन आलो नाय," काका म्हणाले.

"आला आसतास तर यांचा हात बगितला आसतास," ती म्हणाली. "बरं केलंस नाय आलास ते."

ते पुढे सरकले आणि त्यांनी तिच्या पायांकडे हात नेले. तिने पाय लुगड्यात ओढून घेतले. रागाने नव्हे. थंडीत माणूस पाय आवरतं तसे.

"हे घेऊन जा," ती दांड्याकडे बघून म्हणाली. "पोरांच्या नजरंला पडायला नको. नी तू पन परत येऊ नको. पोरांना मी सांगितलंय, तुमाला मामा नाय. ते तसंच ऱ्हाऊ दे. तू दिसलास का मला हे मान खाली घालून बसलेले दिसतात."

सून चहा घेऊन आली तेव्हा काका गोणीचं तोंड बांधत होते. चहा त्यांनी घेतला, बशीत ओतून प्यायला, कप धुऊन उपडा ठेवला. म्हातारी पुन्हा कावळे हाकू लागली होती.

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही. त्यांना घरी आणलं. त्यांनी दोन दिवस दार उघडलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच ती गोणी घेऊन बसने आपल्या गावी गेले. गावासमोर सांगायचं ठरवलं होतं त्यांनी. बापाचा गुन्हा होता, मेहुण्याचा नव्हता, हे जिथे आळ घेतला तिथेच बोलायचं. संध्याकाळी परत आले ते जिन्याच्या पायरीवर बसूनच राहिले. मी खाली गेलो.

गावाचं देऊळ आता कुठल्यातरी इमारतीच्या कुंपणात गेलं होतं. जुनी घरं पाडून लोकांनी चार-चार मजले चढवले होते. देवळाबाहेर बसलेल्यांत त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. त्यांनी उघाडीचं सांगायला सुरुवात केली तेव्हा एकाने विचारलं की तुमची जमिनीची केस आहे का, वकील हवाय का. दुसऱ्याने फोनवर अडसराचा फोटो काढला आणि जुन्या वस्तू विकत घेणारा एकजण माहीत आहे म्हणाला. शेवटी त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा एक म्हातारा मिळाला. त्याला आठवत होतं. खारं पाणी आलं, आम्ही बोरं खाऊन राहिलो, त्याच वर्षी आई गेली, असं तो म्हणाला. काकांनी त्याच्यासमोर हात जोडले आणि खरं काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते जाऊ दे ना आता, तिथे तर स्टेशन झालंय.

"शिवी पन नाय दिली," काका मला म्हणाले. "मी म्हनलं, अरे मला काय तरी बोल. तर म्हनतो, चहा घेनार का."

पुलावरून तो दांडा खाडीत टाकायचा म्हणून ते रिक्षा थांबवून उतरले होते. पण लोक निर्माल्य टाकतात म्हणून कठड्याला उंच जाळी लावलेली. तो तसाच परत आणला होता. पुढे तो त्यांच्या खाटेखाली पडलेला मी पाहायचो. कोणी विचारलं की हे काय आहे, तर म्हणत, भंगार.

त्यानंतर त्यांनी फेरी मारणं सोडलं. जिन्याखालून आवाज येईना. पहिले काही दिवस मी सवयीने कान देऊन बसायचो. एके दिवशी दुपारी घरी आलो तर वरची टाकी भरून वाहत होती, भिंतीवरून पाण्याचा पडदा अंगणात कोसळत होता, आणि त्याखाली काका खुर्ची टाकून बसले होते. नखशिखांत भिजलेले. मी धावत जाऊन मोटर बंद केली. ते माझ्याकडे बघत होते, पण मी काय केलं ते त्यांना कळलं असं वाटलं नाही. बायकोने त्यांना आमच्याकडे जेवायला बोलवायला सुरुवात केली. येत, जेवत, जात. वडिलांचा फोटो त्यांच्या भिंतीवर होता. तो त्यांनी काढला नाही, उलटाही केला नाही. एकदा मी त्या फोटोकडे बघत होतो तर म्हणाले, "मी यालाच बाप म्हनून जगलो. आता या वयात दुसरा कुठनं आनू?"

पावसाळ्याच्या आधी एक दिवस गोदामात कळलं की एका ट्रेलर ड्रायव्हरची आई गेली, त्यामुळे गाडी लागणार नाही. गावाचं नाव, घराची खूण ऐकली आणि मी बाहेर येऊन काकांना फोन केला. त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं ते येणार नाहीत. आले. रिक्षातून उतरले तेव्हा काखेत कापडाच्या दुकानातली पिशवी होती. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालायची रीत आहे. ते त्यांनी पनवेलला थांबून घेतलं होतं. हिरवं की निळं, विधवेला कसलं चालतं, दुकानदाराला काय सांगावं, हे त्यांना सुचलं नव्हतं. शेवटी पांढरं घेतलं होतं, बारीक काठाचं.

अंगणात माणसं दाटली होती. पेणहून मुलगी यायची होती, तिच्यासाठी खोळंबले होते. ती आली, रडणं झालं, आणि बायकांनी आत आंघोळ घातली. मग एक वयस्क बाई दारात येऊन पुरुषांकडे बघत म्हणाली, "माहेरचं कोन आलंय का? लुगडं पायजे."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. तोंड उघडलं होतं. थोरला मुलगा वाकून बांबूंना दोर आवळत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, "आईला माहेर नाय, मावशे. घरातलंच घाला."

बाई आत गेली. काकांनी तोंड मिटलं. पिशवीची त्यांनी हळूहळू घडी केली, आतल्या लुगड्यासकट, जेवढी लहान होईल तेवढी.

ताटी उचलायची वेळ आली. मुलगे, नातू, भावकी पुढे सरकली. मला कळायच्या आत काका गर्दीतून वाट काढत ताटीजवळ पोचले होते आणि पुढच्या बांबूकडे त्यांनी हात घातला होता. नातवंडांतला एक तरणा पोरगा होता. त्याने त्यांचा दंड धरला, अगदी अदबीने.

"बाबा, तुमी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "घरची मानसं हायत."

"बरं," काका म्हणाले, आणि बाजूला झाले.